पुढं चालणारे साळवेभाऊ

साळवेभाऊ घरात सगळ्यांच्या शेवटी जेवायचे. लग्न होऊन मी वरणगावच्या कारखान्याच्या वसाहतीत आले, तेव्हा विरजण मागायला त्यांच्या दारात गेले आणि पाहतच राहिले. भिंतीला पाठ लावून दोन्ही मुलगे, मोठी मुलगी एस्तेर आणि रूथवहिनी जेवत होत्या, आणि धिप्पाड साळवेभाऊ वाकून वाकून भाजी वाढत होते. आमच्या बोदवडकडच्या घरात पुरुषांची पंगत उठल्याशिवाय बाईच्या हाती ताट यायचं नाही. मी वहिनींना हळूच विचारलं, की ख्रिस्ती लोकांत असं असतं का. त्या हसून म्हणाल्या, "छे! आमच्यातही पुरुष आधीच जेवतात. हेच असे आहेत."

पण म्हणून ते मऊ होते असं कोणी समजू नये. शास्त्रात पुरुषाला घराचं मस्तक म्हटलंय, हे ते छाती काढून सांगत. फक्त त्याचा अर्थ त्यांचा स्वतःचा होता. मूळचे शिंदखेड्याचे, त्यामुळे मनातलं बोलायचं झालं की अहिराणीत शिरत. "डोकं मिरवाले नही ऱ्हास, भारा वाहाले ऱ्हास," म्हणजे डोकं मिरवायला नसतं, भार वाहायला असतं, असं म्हणून ते डोक्यावर सरपणाचा भारा घेतल्यासारखे दोन्ही हात वर नेत.

संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळ्यांनी हजर असलंच पाहिजे, हा त्यांचा दंडक. गीताची सुरुवात कुटुंबप्रमुखानं करायची, हा दुसरा. आता त्यांच्या आवाजाचा आणि चालीचा काही संबंध नसे. पहिली ओळ ते एकटे गात, मुलं माना खाली घालून हसू दाबत, मग वहिनी शांतपणे खरा सूर धरत आणि गाणं रुळावर येई. आमच्यामध्ये एकच भिंत होती. हा कार्यक्रम मला रोज ऐकू यायचा.

एकदा धुळ्याला कुणाच्या लग्नाला ते एकटेच गेले आणि पेढे घेऊन परतले. तिथल्या चर्चच्या मंडळीतले एक वजनदार पंच, वाघमारे मास्तर, यांच्या मुलाशी एस्तेरची सोयरीक ठरवून, शब्द देऊन ते आले होते. आम्हालाही पेढे दिले. एस्तेरनं मात्र पेढा हातात तसाच धरून ठेवला. तिला नर्सिंगला जायचं होतं, हे भिंतीपलीकडे राहून मलाही ठाऊक होतं. वहिनी एवढंच म्हणाल्या, की आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यावर साळवेभाऊंचा आवाज चढला. घराचा निर्णय पुरुषानं घ्यायचा, देवानं तसंच नेमलंय, असं ते म्हणाले.

त्या दिवसापासून भिंतीपलीकडून गाणं येईना. भाऊ पहिली ओळ गात. पुढं सूर धरायला कुणी नसे. एकटं गाऊन ते थांबत.

मग एका संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघांनाही प्रार्थनेला बोलावलं. ज्यांना पेढे दिले, त्यांच्यासमोरच बोललं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. सगळे बसल्यावर ते एस्तेरसमोर उभे राहिले.

"मी पुढारी झालो आणि मागं कोण चालतंय ते बघितलंच नाही," ते म्हणाले. "पोरी, मला माफ कर. तू नर्सिंगला जा."

एस्तेर रडू लागली. वहिनींच्या भावानं सुचवलं होतं, की सोयरीक मोडताना मुलीची तब्येत ठीक नसते असं मास्तरांना कळवून टाका, म्हणजे कुणी दुखावणार नाही. भाऊंनी ते उडवून लावलं. पोरीच्या नावावर खोटं घालून आपली पाठ वाचवायची, हे कसलं मस्तकपण, असं म्हणाले.

धुळ्याला ते आमच्या ह्यांना सोबत घेऊन गेले. मास्तरांनी चारचौघांत त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. ज्याला स्वतःचं घर चालवता येत नाही, तो मंडळीत काय पुढारपण करणार, असं विचारलं. त्या साली भुसावळच्या मंडळीत साळवेभाऊंना पंच करायचं घाटत होतं. ते तिथंच बारगळलं. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि चूक स्वतःवर घेत हात जोडून म्हणाले, "चूक मनी शे, पोरनी नही."

परतताना पारोळ्याला बस थांबली, तेव्हा त्यांनी पोटभर भजी खाल्ली. ह्यांनी विचारलं, की एवढा अपमान झाला, त्याचं काही वाटलं नाही का?

"पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात ना?" भाऊ म्हणाले. "मग पुढं चालायचं कशाला? ठेच आपल्या पायाला लागावी म्हणून."

पुढं एस्तेर नर्स झाली. भाऊ पंच मात्र कधीच झाले नाहीत. निवृत्त होऊन शिंदखेड्याला गेले आणि तिथंच वारले. मला त्यांची आठवण येते ती धुळ्याहून दोघं परतले त्या संध्याकाळची. हे चुलीजवळ येऊन बसले. गावाकडच्या माझ्या धाकट्या दिराला शिकायला आपल्याकडे आणावं का, असा विषय काढून म्हणाले, "तुला काय वाटतं?"

लग्नानंतर हा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी गडबडून म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

"मी काय म्हणेन ते मला माहीत आहे. तुला विचारतोय."

मी तव्यावरची भाकर उतरवली, हात पुसले आणि त्यांच्यासमोर बसले.