जामीनदाराचे पेढे

आमच्या बँकेच्या शेवगाव शाखेत सर पेढ्यांचा पुडा घेऊन आले, तेव्हा त्यांच्याच नावाची नोटीस माझ्या टेबलावर सहीसाठी पडली होती. मला सातवीत गणित शिकवलेले सर.

“सुटलो बाबा एकदाचा! बिल्डिंग विकली गेली ना? घे, तोंड गोड कर.”

बिल्डिंग त्यांच्या भाच्याची. रस्त्याकडेला गाळे बांधायला त्यानं आमच्याकडून कर्ज घेतलं आणि सरांना जामीनदार म्हणून उभं केलं. नुसत्या इमारतीवर बँक विसंबत नाही, तिला मागं एक घाबरणारा माणूस लागतो. सरांना पेन्शन, स्वतःचं घर, त्यात स्वभाव भिडस्त. याहून चांगला जामीनदार कुठं मिळायचा? सही करताना त्यांनी विचारलं होतं, “मला काही तोशीस नाही ना रे?” आणि मी शहाणा म्हणालो, “गाळे तारण आहेत, सर. ते कुठं पळून जातात? तुमची सही आपली नावापुरती.”

गाळे नाही पळाले. भाडेकरूच आले नाहीत. हप्ते थकले, लिलाव झाला, आलेल्या पैशात निम्मं कर्जही फिटलं नाही. भाचा पुण्याला गेला तो फोन उचलेना.

शिपाई पेढा खात म्हणाला, “लई भारी हायेत, सर!” मी सरांना केबिनमध्ये नेलं.

“सर, राहिलेले पैसे तुमच्याकडून वसूल करायचेत. नाहीतर घरावर जप्ती येईल.”

“पण बिल्डिंग घेतलीत ना तुम्ही?”

“ते तारण होतं. तुमचा जामीन वेगळा.”

“मग हे तेव्हा का नाही सांगितलंस?”

कप्पाळ सांगणार! सांगितलं असतं तर सही केली असती का कुणी? त्यांच्यासमोरच नगरच्या साहेबांना फोन लावला, मुदत मागितली. साहेब म्हणाले, आजच्या आज नोटीस द्या. स्वतःची किळस आली. पण नोकरीवर लाथ मारायची हिंमत काही झाली नाही, खोटं कशाला सांगू?

सरांनी नोटीस दोनदा वाचली आणि माझ्याच हातात परत दिली. “घरी चल. हिला तूच सांग. मला नाही जमायचं.”

गेलो. सर अंगणातच थांबले. बाईंनी दार उघडलं आणि मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

“ये रे, आत ये. तू बँकेत होतास म्हणून आमचं घर वाचलं बघ.”