हंड्यातला जवाचा वास

नानाजींची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांचं डोकं हंड्यात होतं. कामठी रोडवर नवं हॉटेल निघतंय, कामाला बाया पाहिजेत, असं ऐकून मी गेले. मागच्या अंगणात एक धोतरवाले गृहस्थ पायरीवर चढून माणूसभर उंच तांब्याच्या हंड्यात वाकलेले होते. मला वाटलं, कलईवाले असतील. विचारलं, "ओ भाऊ, मालक कुठी भेटतील?" आतून घुमत उत्तर आलं, "इथंच हाये. थांब वं, वास घेऊन राहिलो."

त्या हंड्यात तीन पिढ्या जव उकळले गेले होते. नानाजींच्या आजोबांनी छावणीतल्या गोऱ्या शिपायांसाठी बिअरचा कारखाना काढला, वडिलांनी तो वाढवला. उकळी झाली की नाही हे नुसत्या वासावरून सांगणं, ही या घराची विद्या. पुढे मोठ्या कंपन्यांच्या बाटल्या शहरात स्वस्त मिळू लागल्या आणि कारखाना बंद करण्याची पाळी नानाजींवर आली. त्यांनी त्याच आवारात हॉटेल काढलं. कामगार मात्र एकही घरी पाठवला नाही.

त्यातून गमती झाल्या! मारोतराव कारखान्यात जव भिजवत, इथे वाढपी झाले. पण सवय जाते कुठे? पाण्याचा प्रत्येक गिलास उजेडाला धरत, हुंगत आणि मगच पाहुण्यापुढे ठेवत. पाहुणे भडकले. दुसऱ्या मालकानं त्यांना हाकललं असतं. नानाजी एवढंच म्हणाले, "मारोतराव, वास घेत जा गा, पण दाराआड." मारोतराव शेवटपर्यंत दाराआड हुंगत राहिले.

हंडा मोडीत काढा, असं सगळ्यांनी सांगितलं. नानाजींनी तो पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायला लावला. पहिल्याच थंडीत कोराडीला कामासाठी आलेले एक साहेब टॉवेल गुंडाळून बाहेर आले: "अहो, या पाण्याले वास येऊन राहिला!" नानाजींनी दुसऱ्या पातेल्यात पाणी तापवलं, बादली स्वतः नेऊन दिली. मग मला म्हणाले, "घासून टाक वं."

चिंच आणि राख घेऊन मी हंड्यात उतरले. सांधेसुद्धा सोडले नाहीत. बाहेर आले तर नानाजी पायरीवर बसलेले. "गेला काय वास?" मी म्हटलं, "गेला, नानाजी." "बरं झालं," म्हणाले, आणि तिथंच बसून राहिले. हॉटेल पुढे नावारूपाला आलं, वर मजला चढला, लग्नाची वऱ्हाडं उतरू लागली. पण आजही सकाळी ते हंड्यापाशी जातात, झाकण उघडतात, वाकतात, हुंगतात आणि परत येतात. मला ते बघवत नाही हो.

म्हणून आम्ही जुन्या मंडळींनी ठरवलंय. नानाजींच्या पंचाहत्तरीच्या सकाळी त्या हंड्यात जव उकळायचे. बिअर नाही काढणार, परवाना कुठे आहे! नुसता वास. उकळी झाली की नाही ते मात्र नानाजींनीच सांगायचं. हे दर वाढदिवसाला करायचं आहे, तेव्हा नानाजी, आम्हाला तुमची अजून पुष्कळ वर्षं हवीत. पाय ठणठणीत ठेवा, नाक त्याहून ठणठणीत ठेवा.

आणि पाहुण्यांनी तक्रार केली तर करू द्या. या वेळी मी हंडा घासणार नाही.