शहाळ्याचं पाणी आणि चुकलेले ठोके

साताऱ्याचे डॉक्टर "हार्ट फेल्युअर" म्हणाले आणि मी शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं. फेल म्हणजे संपलंच की! डॉक्टर म्हणाले, "हृदय बंद पडलेलं नाही, बाई. रक्त ढकलायची त्याची ताकद कमी झालीय. गोळ्यांनी बरंच सावरेल."

रहिमतपूरला आमची पिठाची गिरणी. यांच्या पायांना सूज आली ती दिवसभर उभं राहून, असंच आम्ही धरून चाललो होतो.

गोळ्या सुरू झाल्या आणि सूज उतरली. आठ दिवसांनी रक्त तपासायला बोलावलं होतं. पण माणूस जेवतोय, हसतोय, मग कशाला पुन्हा एसटीचे हाल? नाही गेलो. ही माझीच अक्कल.

मग माणसं भेटायला यायला लागली. गिरणीमुळं सगळं गाव ओळखीचं, आणि आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं कोण येतंय? कॉटखाली शहाळ्यांचा ढीग लागला. वाया कशाला घालवायची, म्हणून सकाळी दोन, दुपारी एक, मी स्वतः ग्लासात ओतून द्यायची. "लय ग्वाड हाय," म्हणत ते प्यायचे. मलाही बरं वाटायचं.

हवापालट म्हणून सांगलीला लेकीकडे गेलो, तर तिथंही तेच. तिसऱ्या सकाळी दात घासता घासता ते भिंतीला टेकले. "आगं, छातीत कायतरी चुकतंय." मी नाडी धरली. दोन ठोके, मग काहीच नाही, मग घाईघाईनं तीन. लेकीला हाक मारली आणि तसंच त्यांना घेऊन निघालो.

दवाखान्यात ईसीजी काढला, रक्त घेतलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांना प्यायला काय देता?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

पोटॅशियम हा रक्तातला एक क्षार. तो फार वाढला की हृदयाचे ठोके बिघडतात. हार्ट फेल्युअरच्या काही गोळ्या तो अंगात धरून ठेवतात, आणि शहाळ्यात तो भरपूर. "गोळ्या वाईट नाहीत," बाई म्हणाल्या, "पण रक्त तपासत राहावं लागतं. आता पुढचे काही तास अवघड आहेत."

बाहेरच्या बाकावर मी दोन दिवस बसून होते. लेक चहा आणायची, तो निवून जायचा. या हातांनी मी माणूस घालवत होते, एवढंच डोक्यात. देवाचं नाव घ्यायचंसुद्धा त्राण नव्हतं.

तुमच्या घरी अशा गोळ्या चालू असतील तर आपल्या मनानं बंद करू नका. पण खाणंपिणं सगळं डॉक्टरांना सांगा, आणि रक्त तपासायला बोलावलं की जा. माणूस हसतोय म्हणून घरी बसू नका.

तिसऱ्या दुपारी ठोके नीट पडायला लागले. मला आत सोडलं. "आवं, मीच पाजत हुते," मी म्हणाले आणि रडू काही आवरेना.

"आन् मी काय नगं म्हणत हुतो?" सलाईन लावलेला हात त्यांनी कसाबसा माझ्या डोक्यावर ठेवला. "कवापासनं झोपली न्हाईस? टेक जरा हितंच. मी हाय जागा."

खाटेच्या कडेला डोकं टेकवलं, आणि त्यांच्या राखणीत मी झोपले.