पेंडीचं पोतं

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही, त्याबद्दल माफ करा. चौथीनंतर शाळा सुटली. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — मुलाला नाही, देवापुढेही नाही. तोंडाने सांगणं मला जमायचं नाही, म्हणून लिहिते आहे.

माझी नात तनू दहा वर्षांची आहे. दिसते सातची. शाळेचा जिना चढली की खाली बसते. का बसते, हे मला माहीत आहे का? — वाटतं, आहे.

माझी सून सविता जतकडची. मुलगा लष्करात, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. तिला दिवस गेले तेव्हा मी तिचं जेवण कमी केलं. जुन्या बायका म्हणायच्या, बाईने पोटभर खाल्लं की पोर पोटात वाढतं आणि बाळंतपण अडतं. मी भांडणारी सासू नव्हते. आवाज कधी चढवला नाही — एक भाकरी झाली की टोपली झाकायची, एवढंच. एकदा ती हसत म्हणाली, "आत्ती, अजून अर्धी वाढा की. मला न्हाई, तुमच्या नातवाला भूक लागलीया."

मीही हसले. टोपली उघडली नाही.

समजूतच तशी होती, असं म्हणून मी सुटले असते. पण पैशांचं काय? तिची आई मेंढरं राखायची. लेकीच्या दुधाला आणि फळांना म्हणून दर महिन्याला पाचशे रुपये सविताच्या भावाकडे द्यायची, असे सहा महिने. मी घरातली मोठी, म्हणून तो ते माझ्या हातात ठेवायचा. मी सविताला त्यातलं एक केळंही दिलं नाही. गोठ्यावर पत्रा घातला. नुसत्या भीतीपोटी जेवण तोडणारी बाई पैसे परत पाठवते — मी ठेवून घेतले.

तरी अजून खरं लिहिलेलं नाही.

सातव्या महिन्यात एका दुपारी मी गोठ्याकडे गेले. सविता म्हशीच्या खुराकाच्या पोत्यातली शेंगदाण्याची पेंड खात होती — पाठमोरी, घाईघाईने, पदराआड. तिने मला पाहिलं नाही. तेव्हा काय करायला हवं होतं, ते कळायला शाळा लागते का? मी मागे फिरले. दुसऱ्या दिवशी ते पोतं आतल्या खोलीत नेलं आणि कुलूप लावलं.

पोतं कुठे गेलं, हे तिने विचारलं नाही. कसं विचारणार होती?

तनू पावणेदोन किलोची झाली. बाळंतपण अडलं नाही. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, सासूने सुनेला चांगलं सांभाळलं.

मागच्या वर्षी तनूला सांगलीत विश्रामबागच्या दवाखान्यात दाखवलं. एवढ्याशा पोरीचा रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पोटात असताना आईचं खाणंपिणं कसं होतं? एकच कारण सांगता येत नाही, पण पोटातच उपाशी राहिलेल्या पोराची मूत्रपिंडं कधीकधी लहान राहतात, त्याचा त्रास पुढे निघतो, असं त्या म्हणाल्या. सविता खाली बघून म्हणाली, "माझंच चुकलं. मला तवा जेवणच जात न्हवतं."

ती मला वाचवत होती, की तिला आता तसंच वाटतं? — मला अजून कळलेलं नाही. मी शेजारीच बसले होते. माझ्या मांडीवर तनूची चप्पल होती. मी तिचा बंद लावत राहिले.

त्यानंतर मी तासगावला बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाऊ लागले. मिळेल त्यातले पाचशे बाजूला काढून सविताच्या भावाबरोबर जतला पाठवत गेले. तिच्या आईला वाटतं, तिकडे दुष्काळ म्हणून मी टँकरच्या पाण्याला मदत करते. तिचा फोन आला होता. "इहीनबाई, लेकीच्या घरचं किती घ्यायचं वो? लय उपकार झालं तुमचं."

मी म्हणाले, असू दे.

गेल्या महिन्यात सहाव्यांदा पाठवले. तीन हजार झाले. पैसे पूर्ण फिटले.