मधे उठता येत नाही

आमच्याकडे मुलगी पसंत पडली की मुलीकडची माणसं मुलाचं घर बघायला जातात. घर बघायचं हे नुसतं म्हणायला. मुलगा आईशी कसा बोलतो, पाहुण्यांना पाणी कोण देतं, घरात कोणाचा आवाज चढतो, हे सगळं चहा पिता पिता बघून घ्यायचं असतं.

माझा बाप मोरा बंदराचा, स्वतःच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान. माणूस पारखावा तर त्यानेच, असं अख्खा कोळीवाडा म्हणायचा. होडीवर नवा खलाशी घ्यायचा तर तो त्याला काही विचारायचा नाही. जाळं विणायला बसवायचा आणि मुद्दाम शेजारी उभं राहून कोणाशी तरी मोठमोठ्याने गप्पा मारायचा. ज्याने मान वर केली त्याला चहा पाजून घरी पाठवायचा. ज्याने केली नाही तो दुसऱ्या दिवशी होडीवर. या रीतीने त्याने आयुष्यभर माणसं निवडली आणि एकही खोटा निघाला नाही. शेवटचा निवडला तो माझा नवरा.

बाप, काका आणि मी वाशीला त्यांच्या घरी गेलो तेव्हा स्वारी टीव्हीसमोर पाट टाकून बसलेली. मांडीवर बटणांची काळी पट्टी, बाजूला टेपरेकॉर्डर, आणि टीव्हीवर ठिपके इकडून तिकडे पळतायत. आम्ही आत आलो तरी त्याने मान वळवली नाही. काकाच्या कपाळाला आठ्या पडल्या. सासू लगबगीने म्हणाली, "कॉम्प्युटर आहे. मामाने बोटीवरून आणलाय. मधे उठता येत नाही त्याला, मधे उठलं की सगळं पुसलं जातं."

ही गोष्ट ऐंशी सालानंतरची. कॉम्प्युटर हा शब्द तेव्हा आमच्यात देवाच्या नावासारखा घ्यायचे. कोणी पाहिलेला नव्हता, पण तो येणार आणि ज्याला येतो त्याच्या सात पिढ्या तरणार, एवढं सगळ्यांना माहीत होतं. वारलेल्या सासऱ्यांची शेतं आणि मिठागरं नवीन शहर वसवायला सरकारने घेतली होती. शेत नाही, खाडी नाही, मग पोराच्या हातात काहीतरी हवं ना? ते त्या काळ्या पट्टीत आहे असं त्या माउलीने धरून ठेवलं होतं. आणि ती खोटं बोलत नव्हती. मधे उठलं की सगळं खरंच पुसलं जायचं. फक्त काय पुसलं जायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

परतताना बाप नुसता खुशीत. एवढी माणसं घरात आली, खुद्द मुलीचा बाप आला, तरी पोराचं लक्ष हललं नाही, हेच तो काकाला पुन्हा पुन्हा सांगत होता. मीही खुशीत होते. खोटं कशाला बोलू?

लग्नानंतर दोन महिन्यांत मला कळलं की तो कॉम्प्युटर म्हणजे गेम. दुसरं काही नाही. वरून दगड पडायचे, खालून गोळ्या मारायच्या. कॅसेट लावली की टेपरेकॉर्डर बराच वेळ मांजर कोंडल्यासारखा किंचाळायचा, मग खेळ सुरू व्हायचा. तो सुरू झाला की माझा नवरा संपला. बेलापूर रोडच्या कारखान्यात क्लार्क होता. आधी उशिरा जायला लागला, मग पोट दुखतं म्हणून रजा, मग कारखान्यानेच सांगितलं, येऊ नका. ताट समोर ठेवलं तर गार होऊन मुंग्या लागेपर्यंत तसंच. डोळे तांबडेलाल. उजवा अंगठा सुजून वाकेनासा झाला, तर त्याला हळद लावून घेतली आणि डाव्या हाताने खेळायला शिकला! तेवढ्या जिद्दीने नोकरी शोधली असती तर कुठे पोचला असता. डॉक्टरांनी पाठीसाठी उठत-बसत राहा म्हणून सांगितलं. उठायचं तेवढं सोडून त्याने बाकी सगळी औषधं घेतली.

बोलणं तर संपलंच होतं. मी काही म्हटलं की "एक मिनिट." पाठ माझ्याकडे, मान टीव्हीकडे, आणि एक मिनिट. लग्नात माझ्या वाट्याला त्याची पाठच आली. कुठे तीळ आहे, कुठे बनियन विरलंय, सगळं पाठ होतं मला. चेहरा विचाराल तर आठवावा लागायचा. एकदा चिडून मी बटण बंद केलं, तर त्याने माझा हात असा पिरगळला की बांगड्या मनगटात रुतल्या. सासू मलाच ओरडली, पोराचं काम का पुसलंस म्हणून.

मी सेक्टरमधल्या बालवाडीत नोकरी धरली. घर त्यावर चालायला लागलं. माहेरी गेले तेव्हा जेटीवर बापाशेजारी बसून सगळं सांगितलं. हे काम नाही, खेळ आहे, पोरं गोट्या खेळतात तसा. बाप हसला. काम करणारा माणूस बायकोशी कमीच बोलतो, तुझ्या आयशीचीही हीच तक्रार होती, म्हणाला. आपली पारख चुकली हे त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. शिवाय अख्ख्या मोऱ्याला तो सांगत सुटला होता ना, जावई कॉम्प्युटरवर असतो म्हणून. मला वाटायचं, एक ना एक दिवस हा माणूस उठेल. पोटचं पोर झालं की उठेल, आई आजारी पडली की उठेल, कशाने तरी उठेल. त्या एका आशेवर मी त्या घरात दिवस काढत होते.

त्या दिवशी सासू लेकीकडे पनवेलला गेलेली. मी दुपारी बालवाडीतून आले तर दारातच वास. मासळीची पिशवी उंबऱ्याला टेकवलेली, बर्फाचं पाणी होऊन लादीवर वाहत होतं. पाणी आतपर्यंत गेलेलं, म्हणजे पिशवी बराच वेळ तिथे होती. आत बाप भिंतीकडच्या खुर्चीत. पंखा गरगरत होता आणि त्याचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. एक हात छातीवर. ओठ पांढरे. आणि त्याच्यापासून चार हातांवर ती पाठ.

मी ओरडलेच, बाबा, काय होतंय? त्याने तोंडावर बोट ठेवलं. मला गप्प केलं! मग इतक्या हळू बोलला की मला कान जवळ न्यावा लागला.

"यष्टीतनूच दुखतंय. पानी मांगनार होतू, पन त्यांचा काम चाललाय. मदी उठला का सगला पुसला जातंय."

मी नवऱ्याला हाक मारली. अहो, बाबांना बघा, रिक्षा आणा. माझा आवाज कसा आला असेल ते देव जाणे, खालच्या मजल्यावरचे शेजारी धावत वर आले त्या आवाजाने. आणि चार हातांवरून उत्तर आलं, "एक मिनिट."

शेजाऱ्यांनी बापाला उचलून खाली नेलं. रिक्षात त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा तो गेलेला होता. डॉक्टर मलाच रागावले, इतका वेळ घरात काय करत होतात म्हणून. काय सांगणार? पाहुणा आला होता आणि घरात माणूस नव्हतं, एवढंच सांगितलं.

दहाव्याला नवरा मोऱ्याला आला. अंगठ्याला पट्टी, तोंड पडलेलं. आमची सगळी माणसं अंगणात बसली होती. बापाचा जुना सोबती, जन्मभर त्याच्या होडीवर काम केलेला म्हातारा, नवऱ्याचा हात हातात घेऊन रडायला लागला. तुझा लई अभिमान होता त्याला, म्हणाला. जेटीवर बसला की तुझंच सांगायचा, माझा जावई कामाला बसला की मान वर करत नाही.

मी आतून हे ऐकत होते. उंबऱ्यात आले. बायका मला आत ओढत होत्या, मी हात सोडवून घेतला. "हा काम करत नव्हता," मी म्हटलं. "खेळत होता. माझा बाप मरत होता आणि हा खेळत होता."

मला वाटलं, आता तरी कोणी उठेल, त्याची गचांडी धरेल, निदान विचारेल.

म्हाताऱ्याने डोळे पुसले आणि माझ्याकडे मायेने बघितलं. "कॉम्प्युटरवर कोन खेलतंय गो पोरी?" म्हणाला, आणि माझ्या नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. बाप गेलाय तिचा, मनाला लावून घेऊ नको, असं त्याला समजावत होता.

माझ्या नवऱ्याने समजल्यासारखी मान हलवली.