देवनहळ्ळीच्या किल्ल्यातली शिट्टी

सोलापूर स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी बाबांनी खिडकीतून हात घालून माझ्या मांडीवर एक कापडी पिशवी ठेवली. आत त्यांच्या दुकानातला मल्टिमीटर होता. बार्शीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, आणि डिप्लोमाच्या कितीतरी आधी मी तिथे बसूनच काम शिकले होते. “दुसऱ्याच्या वस्तूला हात लावशील तेव्हा आधी तपास, मग बोल,” बाबा म्हणाले. आईने पत्र टाकायला बजावलं आणि गाडी हलली. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. बंगळूर मी फक्त नकाशात पाहिलं होतं.

एका संशोधन संस्थेत उपकरणं सांभाळायची नोकरी होती, सहा महिन्यांच्या बोलीवर. काम कसलं, ते मी बार्शीत कुणालाच धड सांगितलं नव्हतं. वटवाघळांचं! ती ओरडतात, पण इतक्या चढ्या स्वरात की आपल्या कानाला पत्ता लागत नाही. बॅट डिटेक्टर नावाची हातात मावणारी पेटी तो आवाज खाली आणून ऐकवते. डायल फिरवत जायचं. कोणत्या आकड्यावर आवाज नीट लागतो त्यावरून वटवाघळाची जात कळते. तो कॅसेटवर टिपून ठेवायचा. कुठली जात कुठवर पसरत चालली आहे, हे आमचे सर त्यातून शोधत होते.

राजाजीनगरात राधक्कांकडे मला खोली मिळाली. त्यांचं मराठी घराणं पाच पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, कापडाचं दुकान चालवणारं. त्यांचं कन्नड मिसळलेलं मराठी ऐकून पहिले आठ दिवस मी गोंधळले. आवाज टिपायला मी संध्याकाळी बंगळुराजवळच्या देवनहळ्ळीच्या किल्ल्यात एकटी जाणार म्हटल्यावर त्या चुलीवरचं दूध उतरवून उठल्याच. “एकटी कशाला गं? स्वल्प थांब, मीपण येते.” मग दर शनिवारी आम्ही दोघी बसने जायचो. मी डिटेक्टर धरायची, राधक्का घड्याळ बघून वहीत वेळ लिहायच्या. तेव्हा देवनहळ्ळीत द्राक्षाचे मळे होते आणि तटावरून चहूकडे शेतंच दिसायची.

एका शनिवारी दिवस मावळताना नेहमीच्या टकटकीऐवजी पेटीतून बारीक, लांबट शिट्टी आली. सरांकडच्या जुन्या टेपांवर ती मी ऐकली होती. लांब शेपटीच्या वटवाघळाची! ते कोरड्या, खडकाळ मुलखातलं. आमच्याकडच्या पडक्या गढ्यांत असतं. बंगळुराजवळच्या आमच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

सोमवारी सरांनी टेप दोनदा ऐकली. “मोसमाच्या सुरुवातीला हा डिटेक्टर दुरुस्तीला तूच उघडला होतास ना?” त्यांनी विचारलं. “डायल सरकला असणार. मग या मोसमातल्या सगळ्याच टेपा बाद.” ते रागावले नव्हते, म्हणून जास्त लागलं. माझी दुरुस्ती चुकली असेल तर सगळ्यांची मेहनत वाया, आणि माझी नोकरीही गेलीच.

त्या दिवशी जेवताना मी राधक्कांना सगळं सांगितलं. “तू बिघाड केलायस का?” त्यांनी सरळच विचारलं.

“नाही.”

“सरी, ठीक. मग दाखव की त्यांना.”

तीन दिवस मी प्रयोगशाळेत बसले. यंत्रातून ठरावीक आवाज सोडायचा, डायल कुठे लागतो ते बघायचं, लिहायचं. मल्टिमीटरने प्रत्येक जोड तपासला. मनात सारखी भीती होती की चूक सापडेल. सापडली नाही. तो कागद मी सरांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “सर, डायल बरोबर आहे. शनिवारी तुम्ही दुसरा डिटेक्टर घेऊन या.”

ते आले. आम्ही तिघं तटाखाली उभे राहिलो. उजेड अजून होता. आधी माझ्या पेटीत शिट्टी वाजली, मागोमाग सरांच्या. मग फटीतून एकेक वटवाघूळ बाहेर पडलं आणि आभाळावर त्यांच्या शेपट्या दोऱ्यासारख्या स्पष्ट दिसल्या. राधक्का मोठ्याने मोजायला लागल्या. सरांनी पेटी खाली केली. “माझी चूक झाली,” ते म्हणाले, “तुझी दुरुस्ती पक्की होती.”

ही वटवाघळं नव्याने आली होती, की आधीपासून होती आणि कुणी ऐकलंच नव्हतं? सरांनी अहवालात दोन्ही शक्यता लिहिल्या. मसुद्यात माझं नाव शेवटी, आभारात होतं. मी तो परत नेला आणि म्हटलं, “सर, आवाज मी ओळखलाय.” त्यांनी पेन काढलं आणि माझं नाव वर, त्यांच्या नावाशेजारी लिहिलं. आभारात राधक्का आल्या. मी एसटीडी बूथवरून बाबांना कळवलं, तर ते एवढंच म्हणाले, “डायल बरोबर निघाला ना? झालं तर मग.” नंतर आईने लिहिलं की महिनाभर ते प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगत होते.

आता देवनहळ्ळीला विमानतळ आहे, मळ्यांच्या जागी प्लॉट पाडलेले लेआउट. नवी यंत्रं तटावर ठेवली की आपोआप आवाज टिपतात. तरी, सहा महिन्यांच्या बोलीवर आलेली मी आज त्याच संस्थेत शिकवताना विद्यार्थ्यांच्या हातात आधी डायलची जुनी पेटी देते. आयटीच्या नोकरीसाठी महादेवपुऱ्यात उतरलेली पुण्या-नागपूरची मुलं कधी भेटतात, विचारतात, “काकू, इथे करमायला किती वर्षं लागली?”

वर्षं मी मोजली नाहीत. बार्शी माझं माहेर आहे, ते राहीलच. तिथे माझ्यावर विश्वास ठेवायला कुणाला पुरावा लागला नाही. इथे लागला. तो मी दिला, माझ्या हातांनी, आणि लोकांनी मानला. म्हणून राजाजीनगरच्या बसमध्ये बसताना कुणी विचारलं, कुठे निघालात, तर मी सरळ सांगते, “घरी.”