काचेतली चिठ्ठी

आज तिवशाजवळच्या एका गावात मी मतदान केंद्राध्यक्ष होते.

दुपारी एक आजोबा मत देऊन माझ्या टेबलापाशी आले. "बाई, बटन मी एक दाबलं, पन काचेतली चिठ्ठी दुसऱ्याचीच दिसली."

"चष्मा घरी राह्यला काय, बुवा?" एक पोलिंग एजंट हसला.

मी नियम वाचून दाखवला. तसं लिहून द्या, सर्वांसमोर चाचणी मत घेऊ. तक्रार खोटी ठरली तर शिक्षा होऊ शकते.

"आता बटन बराबर चाललं, तं मी खोटा?"

"नियमाप्रमाणे, हो."

"मंग राहू द्या."

ते गेले. संध्याकाळी यंत्रातला आकडा नोंदवहीशी तंतोतंत जुळला. त्यांचं मतही त्यात आहे.

शिक्षेचं वाक्य मी जरा मोठ्याने वाचलं होतं. तुम्ही कसं वाचलं असतं?